वर्णपट : आकडेमोडीतून उलगडणारा प्रकाश

वर्णपट म्हटले की लोलकातून बाहेर पडणारा सप्तरंगी पट्टा डोळ्यांपुढे येतो. मात्र प्रकाशाचे रंग प्रत्यक्ष वेगळे न करताही वर्णपट मिळवता येतो. त्यासाठी अमेरिकी शास्त्रज्ञ अल्बर्ट मायकेलसन यांनी विकसित केलेला इंटरफेरोमीटर म्हणजेच व्यतिकरणमापी वापरतात.

या उपकरणातील अर्धपारदर्शक आरसा प्रकाशशलाकेचे दोन भाग करतो. एक भाग स्थिर आरशावरून, तर दुसरा सरकत्या आरशावरून परावर्तित होतो आणि दोन्ही पुन्हा एकत्र येतात. आरसा सरकत असताना दोन्ही मार्गांच्या लांबीतील फरक बदलतो व एकत्रित प्रकाशाची तीव्रता कमी-जास्त होते. हा चढउतार प्रत्येक तरंगलांबीसाठी निराळ्या गतीने होतो. संवेदकाच्या हाती मात्र सर्वांची बेरीज येते. या बेरजेतून प्रत्येक घटक वेगळा काढण्याचे काम 'फूर्ये रूपांतर' ही गणिती पद्धत करते.

तत्त्व जुने असले, तरी अडसर आकडेमोडीचा होता. मायकेलसन यांनी १८९८ मध्ये सॅम्युएल स्ट्रॅटन यांच्यासह ८० घटकांची बेरीज करणारे यांत्रिक यंत्रही बनवले होते. सर्व तरंगलांबी एकाच वेळी मोजल्या जात असल्याने मंद अवरक्त प्रकाशासाठी ही पद्धत विशेष लाभदायक ठरते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर फेलगेट यांनी १९४९ च्या सुमारास दाखवले. पुढे १९६५ मध्ये जेम्स कूली व जॉन टुकी यांनी जलद फूर्ये रूपांतराची रीत प्रसिद्ध केली. एक लाख नोंदींसाठी सरळ पद्धतीने सुमारे १,००० कोटी गुणाकार करावे लागतात. या रीतीने ढोबळमानाने ते १७ लाखांच्या घरात येतात.

फ्रान्समधील जानीन व पिएर कॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तंत्राने शुक्राच्या वातावरणात हायड्रोजन क्लोराइड व हायड्रोजन फ्लोराइड यांचा अंश असल्याचे १९६७ मध्ये जाहीर केले. १९७७ मध्ये झेपावलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरही असा अवरक्त व्यतिकरणमापी होता. आज औषधे, प्लास्टिक व वायू यांच्या तपासणीसाठी प्रयोगशाळांमध्ये हे तंत्र सर्रास वापरले जाते.

गणितालाही मर्यादा आहेतच. आरसा जितका अधिक सरकतो, तितक्या जवळच्या वर्णरेषा वेगळ्या ओळखता येतात. नोंदी विरळ घेतल्यास एका तरंगलांबीच्या जागी दुसरीच भासू शकते. मोजमापात जे उतरलेच नाही, ते निव्वळ आकडेमोडीने खात्रीपूर्वक परत मिळवता येत नाही.