तगरची वस्त्रे, नीळ आणि टायरचा जांभळा

आज जुळे सोलापूरपर्यंत विस्तारलेल्या सोलापूर नगरात १८७७ साली कापडाची गिरणी स्थापन झाली. तथापि या प्रदेशाचा वस्त्रव्यापार त्याहून फार प्राचीन आहे. उत्तरेस तेरणेच्या काठी असलेले तेर म्हणजेच प्राचीन तगर होय. तेथील साधे कापड व मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असे, असे इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रंथावरून कळते. सिंधूच्या मुखावरील बंदरातून बाहेर जाणाऱ्या ‘भारतीय काळ्या’चा उल्लेखही त्यात असून हा पदार्थ बहुधा नीळ असावा.

त्या काळी रोमन जगात राजवैभवाचे चिन्ह मानला जाणारा रंग मात्र टायरचा जांभळा होता. हा रंग म्युरेक्स कुलातील सागरी गोगलगाईंपासून मिळे. १९०९ साली पाउल फ्रीडलेंडर याने १२,००० गोगलगाईंपासून अवघे १.४ ग्रॅम रंगद्रव्य मिळवून ते ६,६′-डायब्रोमोइंडिगो असल्याचे सिद्ध केले. निळीच्या रेणूतील दोन हायड्रोजन अणूंच्या जागी दोन ब्रोमीन अणू आले की हे संयुग होते. वनस्पतिजन्य नीळ व सागरी जांभळा यांच्या रचनेत भेद आहे तो एवढाच.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात ब्रोमीन सुमारे ६५ मिलिग्रॅम असते. त्याचा उपयोग करून हा प्राणी आपल्या ग्रंथीत रंगद्रव्य नव्हे, तर त्याचे वर्णहीन पूर्वद्रव्य साठवितो. ग्रंथी फुटली की विकराची क्रिया घडते आणि पुढे हवा व प्रकाश यांच्या योगाने जांभळा रंग प्रकट होतो. हा रंग पाण्यात विरघळत नाही. म्हणून निळीप्रमाणेच क्षपण करून त्याचे द्रावण करावे लागते. त्या अवस्थेत ऊन लागल्यास ब्रोमीन निघून जाते व कापड निळसर होते.

इतिहाससंशोधकास यातून एक सावधगिरीचा धडा मिळतो. निळीवर तांबड्या रंगाचा दुसरा हात देऊनही जांभळा साधता येतो. इजिप्तमध्ये सापडलेल्या स्टॉकहोम पपायरसमध्ये अशा अनुकरणाच्या कृती आहेत. म्हणून एखाद्या ग्रंथात वा लेखात ‘जांभळा’ हा शब्द आढळला, एवढ्यावरून ते वस्त्र सागरी रंगाचे होते असे म्हणता येत नाही. मराठीत तर हा शब्दच जांभूळ या फळावरून आला आहे. म्युरेक्सच्या कुलातील गोगलगाई कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही आढळतात. परंतु प्राणी आहे म्हणून त्याचा उद्योगही होता, असे ठरत नाही. निर्णय अवशेषांतील रेणूनेच द्यावा लागतो. लेबनॉनमधील सारेप्ता येथील इ. स. पूर्व तेराव्या शतकातील मृत्पात्रांवरचा डाग १९८०च्या दशकात अशाच रासायनिक परीक्षणाने ओळखला गेला. दख्खनच्या वस्त्रेतिहासातही रंगाच्या नावास पुराव्याचे स्थान देण्यापूर्वी हीच कसोटी लावणे उचित ठरेल.