विच्छेदनगृहातील देह आणि वैद्यकाचा विद्यार्थी

शारीरशास्त्राच्या अध्यापनाचा इतिहास बहुधा शोधांच्या क्रमाने सांगितला जातो. विच्छेदनाच्या मेजावरील देह तेथे कोणत्या मार्गाने आला, हा प्रश्न त्यात गौण ठरतो. वस्तुतः मृताविषयी आणि पुढे रुग्णाविषयी विद्यार्थ्याच्या मनात कोणता भाव रुजतो, याचा त्या मार्गाशी निकटचा संबंध आहे.

इंग्लंडात १७५२ च्या कायद्याने फाशी गेलेल्या खुन्यांची प्रेते विच्छेदनासाठी देण्याची तरतूद केली. विच्छेदन ही शिक्षेचीच पुरवणी ठरली. ही प्रेते अपुरी पडू लागताच कबरी उकरल्या जाऊ लागल्या. १८२८ साली एडिंबरो येथे बर्क व हेअर यांनी १६ खून केले आणि प्रेते डॉ. रॉबर्ट नॉक्स यांना विकली. १८३२ च्या कायद्याने हा बाजार मोडला. परंतु श्रमगृहांत व रुग्णालयांत मरण पावलेल्या बेवारस दरिद्री माणसांवर सारा भार टाकला. खुन्याचे प्रायश्चित्त गरिबाच्या वाट्याला आले, असेच म्हणावे लागते. त्याच वर्षी तत्त्वचिंतक जेरेमी बेंथम यांनी आपला देह स्वेच्छेने विच्छेदनास दिला होता. पण कायद्याने अनुसरला तो बेवारसांचा मार्ग. मुंबई राज्याचा १९४९ चा कायदाही मुख्यतः त्याच वाटेने गेला.

अशा देहाला नाव नसते, गणगोत नसते. नाव माहीत नसल्याने विद्यार्थ्याचे मन अलिप्त राहते आणि वैद्याला अलिप्तता हवीच, असे समर्थन केले जाते. लीफ व फॉक्स या अभ्यासकांनी १९६३ मध्ये ‘अलिप्त आस्था’ या संज्ञेने या घडणीचे विवेचन केले. तथापि आस्था ज्याच्याविषयी ठेवावयाची त्याचा परिचयच नसेल, तर हाती केवळ अलिप्तता उरण्याचा धोका असतो.

तैवानमधील ह्वालिएन येथे १९९४ साली स्थापन झालेल्या त्सु-ची वैद्यकीय महाविद्यालयाने याच्या उलट दिशा धरली. शरीर हे आईबापांचे देणे असून ते अभंग राखणे हा पुत्रधर्म होय, अशी त्या समाजातील जुनी कन्फ्यूशियन धारणा; त्यामुळे देहदानास मोठाच अडथळा होता. बौद्ध भिक्षुणी चेंग येन यांनी या धारणेची निंदा केली नाही. देह देणे हे शिकविणेच होय, असा नवा अर्थ तिच्या शेजारी ठेवला. दात्याला तेथे ‘मूक गुरू’ म्हणतात. विच्छेदनापूर्वी विद्यार्थी दात्याच्या घरी जातात, आप्तांकडून त्याचे आयुष्य ऐकून घेतात आणि त्याचे अल्पचरित्र लिहितात. अभ्यासक्रम संपल्यावर अवयव जागच्या जागी ठेवून देह शिवला जातो, त्याला वस्त्रे नेसविली जातात, आणि विद्यार्थीच शवपेटीला खांदा देतात. अस्थींचा काही अंश विद्यापीठात जतन केला जातो. आप्तांसमोर बसून ऐकण्याची ही सवय पुढे रुग्णाच्या नातलगांशी बोलताना उपयोगी पडते. हे शिक्षण पाठ्यपुस्तकातून मिळणारे नव्हे.

भारतात देहदानाच्या प्रचारासाठी दधीचीची कथा वारंवार सांगितली जाते. मराठवाड्यात जन्मलेले नानाजी देशमुख यांचा देह २०१० मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेस देण्यात आला, तो त्या ऋषीचेच नाव धारण करणाऱ्या समितीमार्फत. मात्र ही कथा देणाऱ्याची थोरवी गाते. घेणाऱ्याने कसे वागावे याविषयी ती फारसे बोलत नाही. ती उणीव भरण्याचा प्रयत्न २०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात दिसतो. शव हा आपला पहिला गुरू, या विषयाचा एक पाठ त्यात आहे, आणि अनेक महाविद्यालयांत विच्छेदनापूर्वी विद्यार्थ्यांकडून शपथ घेतली जाते.

परंतु एकाच विच्छेदनगृहात एका मेजावर दात्याचा देह आणि शेजारच्या मेजावर बेवारस देह असू शकतो. पहिल्याने गुरुपद स्वतः पत्करलेले असते; दुसऱ्याला कोणी विचारलेलेच नसते, आणि ज्याच्या दारी जावे असे घरही विद्यार्थ्याला ठाऊक नसते. शपथेचे शब्द दोघांसाठी एकच आहेत.