तडकलेला दस्ता आणि माझं खोबरेल तेल

आजचा भाग जरा घरगुती आहे. मालवण तालुक्यात माझं आजोळ आहे, आणि तिथे माजघरात एक ठासणीची बंदूक आहे. कोकणात अशा बंदुका तुम्ही पाहिल्या असतील. रानडुकरं शेतात शिरतात, म्हणून शेती संरक्षणाचा परवाना असतो. पण आमचीच्या घोड्याखालच्या पत्र्यावर मुकुट कोरलाय आणि इंग्रजीत 'टॉवर' लिहिलंय. नळी धरणाऱ्या तीन कड्या आहेत. म्हणजे ही मूळची लष्करी, १८५३ च्या एनफिल्डच्या घराण्यातली.

हो, तीच एनफिल्ड, जिच्या काडतुसांच्या चरबीवरून १८५७ मध्ये भडका उडाला! तिच्या नळीत पेचदार खाचा असायच्या, त्यामुळे गोळी लांबवर नेमकी जायची. उठावानंतर इंग्रजांनी शहाणपण केलं. हिंदी शिपायांना दिसायला तशीच, पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक दिली. आमच्या नळीत बोट घातलं तर खाच लागत नाही. आता बोला!

ती आमच्या घरी कशी आली, याचा कागद नाही. पुरावा आहे तो लाकडात.

दस्ता अक्रोडाच्या एकाच लांब तुकड्यातून कोरलेला. हात धरतो तिथे तो बारीक होतो आणि वळतो, पण लाकडाचे रेषे काही वळत नाहीत. त्यात घोड्याची कळ बसवायला आतून पोकळ केलेलं. बंदूक पडली की नेमकी तिथेच तडकते. आमचीही तिथेच तडकली होती, आणि कुणीतरी त्यावर पितळेची पट्टी ठोकली होती. पट्टीखाली काळं, कडक काहीतरी होतं. ते कातडं निघालं! कच्चं कातडं ओलं करून गुंडाळायचं. सुकताना ते आक्रसतं आणि भेग आवळून धरतं. सरस का नाही वापरला? मालवणचा पावसाळा आठवा. दमट हवेत सरस सुटतो.

आता माझा गुन्हा. लहानपणी दर चतुर्थीला मी त्या दस्त्याला प्रेमाने खोबरेल चोळायचो. जवसाचं तेल हवेशी संयोग होऊन सुकतं, म्हणून फौजेत लाकडाला तेच लावत. खोबरेल सुकत नाही. वर्षानुवर्षं ते भेगेत मुरलं, आणि तेलकट लाकडाला कुठलाच गोंद धरत नाही.

गेल्या वर्षी मामा म्हणाले, "ह्यो दस्तो बदलूकच व्हयो. शिसमाचो नवो करूया."

"मामानू, जरा थांबा," मी म्हटलं. नवा दस्ता बसवला असता तर उरला असता तो फक्त विलायती लोखंडाचा तुकडा. इथल्या माणसाच्या हाताची खूण तेवढ्या पट्टीत आणि कातड्यातच आहे. आणि बांधलेलं लाकूड म्हणजे काही गावठी जुगाड नव्हे हं! बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफली बघा. लाकूड फुटू नये म्हणून त्यात आडवा स्क्रू घालत, आणि ग्रेनेड फेकायच्या रायफलींना तर चक्क तार गुंडाळत.

१९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो, त्यामुळे आम्ही परवानाधारक कारागिराकडेच गेलो. त्याने खडूची पूड आणि ॲसिटोन लावून कित्येक दिवस तेल शोषून काढलं. मग भेगेत पातळ एपॉक्सी सोडलं. रंधा नाही, पॉलिशपेपर नाही. कातडं कुजलं होतं, ते गेलं. त्याचा एक तुकडा मी डबीत ठेवलाय. पट्टी जुन्याच भोकांत परत बसली.

निवडणूक आली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. आजोबांच्या ट्रंकेत अशीच एक जुनी पावती सापडली. वर्णनाच्या रकान्यात लिहिलंय: 'ठासणीची, दस्ता फुटका, पितळी पट्टी.'