परसातला पंचनामा

सकाळी परसात गेले की कोंबडीची पिसे विखुरलेली दिसतात, नाहीतर रात्री बांधलेले करडू कुंपणापाशी अर्धे खाल्लेले पडलेले असते. शेजारीपाजारी जमतात. कोणी वाकून मातीकडे पाहण्याआधीच एक जण म्हणतो, "वाघानं नेलं!" दुपारपर्यंत ही बातमी चार गावे फिरून येते. आमच्या हिंगोली जिल्ह्यात, कयाधूच्या काठापासून पैनगंगेपर्यंत, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

कविता लिहीत असल्यामुळे माझे लक्ष आधी शब्दाकडे जाते. मराठीतला 'वाघ' हा फार ऐसपैस शब्द. पट्ट्यांचा तो ढाण्या वाघ आणि ठिपक्यांचा तो बिबट्या वाघ. आमच्या घरात दखनी बोलली जाई. तिथे पट्टेवाला शेर, ठिपकेवाला चित्ता आणि तरस म्हणजे लकडबग्घा. खरा चित्ता वेगळाच. तो भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले आणि २०२२ साली नामिबियातून आणून मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडावा लागला. शाळेत द्राक्षांना आंबट म्हणणारा कोल्हा भेटला. इसापाचा तो प्राणी मुळात आपल्या खोकडाचा भाऊबंद. नावांचा असा घोळ गोष्टीत खपून जातो. परसात मात्र तो महागात पडतो.

किती महागात, हे इतिहास सांगतो. इंग्रजी अमलात हिंस्र जनावर मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. जनावर मारल्याचा पुरावा दाखवायचा आणि पैसे घ्यायचे. त्याच जनावराने कोणाची शेळी खाल्ली होती का, हे विचारायचे कारणच नव्हते. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले, असा हिशेब इतिहासकार महेश रंगराजन यांनी मांडला आहे. हा हिशेब ब्रिटिश मुलखाचा. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिला. गुन्हेगार ठरवायचा तो जातीने, एकेकाची चौकशी करायची नाही, हा त्या काळाचा न्याय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो कागदावर बदलला. गावातल्या बोलण्यात तो अजून पुरता बदललेला नाही.

मग वाकून पाहायचे तरी काय? आधी माती. मांजरकुळातल्या जनावराचा ठसा गोलसर असतो आणि त्यात नखे उमटत नाहीत. कुत्रा, लांडगा, कोल्हा यांच्या ठशात बोटांपुढे नखांचे टोक दिसते. मग जखम. बिबट्या बहुधा नरडे धरतो आणि शिकार ओढून आडोशाला नेतो. तो पोटाकडून किंवा छातीकडून खायला लागतो, तर पट्टेरी वाघ बहुधा मागच्या अंगाकडून. नुसती पिसे उरली असतील तर रानमांजर, मुंगूस, उदमांजर, कोल्हा अशी बरीच मंडळी संशयित ठरतात. चार-पाच शेळ्या जागजागी फाडलेल्या आहेत आणि खाल्ले मात्र थोडेच, असे असेल तर मोकाट कुत्र्यांचा विचार आधी करावा. पण संत नामदेवांची नर्सी याच जिल्ह्यात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावण्याची ती गोष्ट आम्हा सगळ्यांच्या मनात मुरलेली. कुत्र्याचे नाव घ्यायला जीभ सहसा वळत नाही.

आणखी एक खूण कातडीखाली असते. पशुवैद्य मानेची कातडी सोलून पाहतात. सुळ्यांच्या भोकांभोवती रक्त साकळलेले असेल तर चावा जिवंतपणी बसला. तसे नसेल तर मेलेले जनावर नंतर कोणीतरी खाल्ले. तरसावर आळ येतो तो इथेच. तो बराचसा मेलेल्यावर जगतो आणि हाडेसुद्धा फोडून खातो. सकाळी लोकांना दिसतो तो शेवटी जेवलेला, आणि मारल्याचा ठपकाही त्याच्यावरच बसतो.

आता खुणा वाचणारे शास्त्रही पुढे गेले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेतले केस तपासले. खाल्लेल्या मांसात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांचा अवघा ११ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट होत्या, तरीही.

उलट, कोणाच्या ध्यानीमनी नसलेला पाहुणाही येऊ शकतो. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ जून २०१९ मध्ये निघाला, तेलंगणात डोकावला, आमच्या हिंगोली जिल्ह्यातून गेला आणि डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सुमारे तेराशे किलोमीटर! गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे ते कळले. त्या दिवसांत इथे कोणी "वाघ" म्हटले असते तर ते खरेही निघाले असते. म्हणून हसण्यावारीही नेऊ नये. ठसा पाहावा.

हे सगळे सांगायचे कारण, चुकीच्या नावाची किंमत गरिबाला मोजावी लागते. वन्यप्राण्याने शेळी मारली तर वनखात्याकडून भरपाई मिळते. पण त्यासाठी वेळेत कळवावे लागते, पंचनामा व्हावा लागतो. गर्दीने ठसे तुडवले, उरलेले उचलून फेकले, की पुरावा गेला. रागाच्या भरात उरलेल्या मांसावर विष टाकले तर शिकारी सुटतो आणि घार, कावळा, कोल्हा, शेजाऱ्याचा कुत्रा मरतो.

आणि कधी माणूसही मरतो. १९९६ साली उत्तर प्रदेशात प्रतापगड, सुलतानपूर, जौनपूर भागात लहान मुले उचलली जाऊ लागली. लांडग्याचे सोंग घेतलेली माणसे हिंडताहेत, अशी आवई उठली. अनोळखी वाटसरूंना जमावाने झोडपले, काहींचा जीव गेला. पुढे वाय. व्ही. झाला आणि दिनेशकुमार शर्मा यांनी खुणा तपासल्या. ते काम लांडग्याचेच निघाले.

परसात काही पडलेले दिसले तर त्यावर घमेले उपडे घाला, ठशाभोवती चार दगड ठेवा, वनरक्षकाला आणि पशुवैद्याला बोलवा. तोवर कोणी विचारलेच, तर "बघतोय" एवढेच सांगा.