नावाची चाळणी

वडीगोद्री हे नाव देवनागरीत लिहायला काही अडचण नाही. रोमन लिपीत मात्र कुणी सुरुवातीला डब्ल्यू लावतो, कुणी व्ही, कुणी ‘वडी’ आणि ‘गोद्री’ यांच्यात जागा सोडतो. धुळे-सोलापूर महामार्गावरच्या या गावातल्या एखाद्या दुकानदारानं वेबसाइट काढायची ठरवली, तर पहिला पेच स्पेलिंगचाच पडेल. इंटरनेटवर एक अक्षर चुकलं की माणूस भलत्याच दारात जातो. एके काळी अशी चुकीची दारं मुद्दाम मांडलेली असत आणि आत अश्लील चित्रांचा बाजार असे. अशा साइटच्या नावात कुठले शब्द चालतील याचे नियम कसे जन्मले आणि त्यातले कुठले टिकले, हे प्रत्येक आईबापानं समजून घ्यावं असं मला वाटतं, कारण आज मोबाइल पोरांच्या हातात आहे.

या नियमांचं मूळ अमेरिकेत सापडतं. १९९३ पासून डॉट कॉम नावांची नोंदणी नेटवर्क सोल्युशन्स या एकाच कंपनीकडे होती. काम यंत्रावर चाले आणि मागेल त्याला नाव मिळे. पुढे कंपनीनं काही इंग्रजी शिव्यांची यादी करून यंत्राला चाळणी लावली. यादीतला शब्द नावात कुठेही आला की अर्ज बाद! यंत्र अर्थ पाहत नसे, लागोपाठ आलेली अक्षरं पाहत असे. १९९८ साली एकानं शिताके या जपानी अळंबीच्या नावानं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, मागितलं आणि ते नाकारलं गेलं, कारण त्याच्या रोमन स्पेलिंगमध्ये पहिली चार अक्षरं विष्ठेसाठीच्या इंग्रजी शिवीची होती. या चाळणीतून आपली शितोळे आणि दीक्षित ही आडनावंही सुटली नसती. शितोळेच्या रोमन स्पेलिंगमध्ये आणि ‘एक्स’ न वापरता लिहिलेल्या दीक्षितमध्ये तीच चार अक्षरं लागोपाठ येतात. उलट, अंगावर काटा येईल असं चित्र दाखवणाऱ्या साइटनं साधं सोज्वळ नाव घेतलं, तर तिला कुणी अडवत नव्हतं.

काही अर्जदार कोर्टात गेले. सरकारच्या करारावर काम करणारी कंपनी आमच्या बोलण्यावर बंदी कशी घालते, असा त्यांचा सवाल होता. २००० च्या सुमारास अमेरिकी न्यायालयांनी कंपनी खासगी ठरवली आणि नाव नाकारण्याचा तिचा हक्क मान्य केला. पण तोवर चाळणीत अर्थ राहिला नव्हता. १९९९ पासून नोंदणीचा धंदा इतर कंपन्यांनाही खुला झाला होता. एकीनं नाकारलेलं नाव दुसरी आनंदानं देई. आणि अशा नावांना किंमतही तशीच होती. ‘सेक्स डॉट कॉम’ हे नाव गॅरी क्रेमेन यानं १९९४ साली नोंदवलं. पुढच्याच वर्षी स्टीफन कोहेन यानं एक बनावट पत्र पाठवून ते आपल्या नावावर करून घेतलं. क्रेमेन लढला आणि जिंकला. २००१ साली न्यायालयानं कोहेनला ६.५ कोटी डॉलर भरायला सांगितले. २००३ साली अपील न्यायालयानं स्पष्ट केलं, की डोमेन नाव ही मालमत्ता आहे आणि जमीनजुमल्यासारखीच तिचीही चोरी होऊ शकते.

शिवीची यादी निकामी ठरत होती, त्याच काळात खरा धोका वेगळ्या वाटेनं आला. १९९७ साली अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाचं, व्हाइट हाउसचं, नाव घेऊन डॉट कॉमवर एक अश्लील साइट उघडली. सरकारी साइट डॉट गॉव्हवर होती. शाळेचा गृहपाठ करणारी मुलं शेवटची तीन अक्षरं चुकली की थेट त्या बाजारात पोचत. जॉन झुकारिनी यानं तर चुकीच्या स्पेलिंगचाच व्यवसाय केला. डिस्नेलँड, टेलीटबीज, बॉब द बिल्डर ही मुलांच्या तोंडची नावं. त्यातलं एखादं अक्षर गाळायचं, दोन अक्षरांची अदलाबदल करायची आणि ते स्पेलिंग विकत घ्यायचं. या नावांत एकही शिवी नव्हती. कुठल्याही चाळणीतून ती अलगद निघून गेली असती.

एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेनं कायदा केला. फसव्या डोमेन नावानं कुणाला अश्लील मजकुराकडे ओढणं हा गुन्हा ठरला आणि मुलांना ओढणाऱ्याला जास्त शिक्षा ठेवली. या कायद्यातलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं. नावात ‘सेक्स’ किंवा ‘पॉर्न’ असा आतल्या मालाची कल्पना देणारा शब्द असेल, तर ते नाव फसवं धरायचं नाही, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे जे शब्द हद्दपार करायचे असं आपल्याला वाटतं, तेच कायद्यानं इशाऱ्याची पाटी म्हणून वापरले. झुकारिनीला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्लोरिडात अटक झाली. २००४ साली त्याला ३० महिन्यांची कैद झाली.

याच विचारातून अशा साइटसाठी वेगळी वस्ती निघाली. डॉट ट्रिपल एक्स या शेपटाला बऱ्याच वादानंतर मार्च २०११ मध्ये मंजुरी मिळाली. बालकांच्या शोषणाचा नुसता सूर असलेलं नावही तिथे वर्ज्य होतं. भुर्दंड मात्र भलत्यांनाच पडला. आपलं नाव त्या वस्तीत कुणी घेऊ नये म्हणून नामांकित कंपन्यांनी आणि विद्यापीठांनी पैसे भरून ते अडवून ठेवलं. ब्रिटनमध्ये कायदेतज्ज्ञ केन मॅकडोनाल्ड यांच्या अहवालानंतर २०१४ पासून वेगळी पद्धत आली. शिवराळ शब्द आहे म्हणून नाव अडवायचं नाही. पण नावातूनच लैंगिक गुन्ह्याचा पुकारा होत असेल, तर नोंदणीनंतर तपासून ते काढून टाकायचं.

आपल्याकडे कायद्याची नजर मजकुरावर राहिली. मुंबईचे पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांना ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं १९६४ मध्ये कायम केली. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवरही खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयानं १९६९ मध्ये सुटी वाक्यं न वेचता कथा अख्खी वाचली आणि काकोडकरांना सोडलं. इंटरनेटसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ वं कलम आलं, नंतर ६७ अ आणि बालकांसाठी ६७ ब. नाव कितीही सोवळं असलं, तरी आत काय दाखवलं यावर गुन्हा ठरतो.

नावातल्या फसवणुकीचा निकाल मात्र मुंबई उच्च न्यायालयानं १९९९ सालीच दिला होता. ‘रेडिफ’च्या स्पेलिंगमध्ये ‘ई’च्या जागी ‘ए’ घालून कुणी डोमेन घेतलं होतं. न्यायालयानं ते थांबवलं. डोमेन नाव नुसता पत्ता नाही, त्यामागे धंद्याची पत असते, असं न्यायालयानं म्हटलं. अश्लीलतेचा तिथे संबंध नव्हता, पण तत्त्व तेच होतं: लोक फसतात का, ते बघा.

नुसती नावांची यादी काढून बंदी घातली की काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. केंद्र सरकारनं ३१ जुलै २०१५ च्या आदेशानं अश्लील म्हणून ८५७ साइट बंद करायला सांगितलं. त्या यादीत विनोदी साइटही निघाल्या आणि चार दिवसांत आदेश सैल करावा लागला. २०१८ मध्ये ८२७ साइट बंद झाल्या, तेव्हा एका मोठ्या साइटनं शेपूट बदलून भारतासाठी नवं नाव उघडलं.

आता नावं आपल्या लिपीत आली आहेत. २७ ऑगस्ट २०१४ पासून ‘डॉट भारत’ देवनागरीत मिळतं, मराठीसाठीही. पण आत यंत्रणा रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच ओळखते. त्यामुळे ‘भारत’चं आत ‘एक्सएन’, दोन आडव्या रेघा आणि ‘एच२बीआरजे९सी’ असं रूपांतर होतं. ‘वडीगोद्री’ हे संगणकाच्या हिशेबी नऊ घटकांचं नाव आहे: अक्षरं, मात्रा आणि हलन्त धरून. तेही असंच अनोळखी अक्षरांचं गाठोडं होऊन प्रवास करतं. मराठीतली शिवीसुद्धा त्या गाठोड्यात गेली, की रोमन शब्दांच्या यादीला ती दिसतच नाही.

म्हणून मराठी नावांसाठी शिव्यांची नवी यादी करण्यात मला फायदा दिसत नाही. डॉट भारतच्या नोंदणीनं तीन गोष्टी कसून पाळाव्यात. मुलांच्या, शाळांच्या, गावांच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन कुणी अश्लील साइट चालवली, तर तक्रार येताच ते नाव काढून घ्यावं. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची नावं दोन वेगळ्या मालकांना देऊ नयेत. आणि ही तक्रार मराठीत लिहिता यावी, कारण फसलेल्या पोराचा बाप ती त्याच्या भाषेतच लिहिणार आहे.