उंबरठ्याच्या आतील न्याय

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्या घरांनी पिढ्यान् पिढ्या जपली आहे. मुलूख सोडून बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे स्थिरावलेल्या कुटुंबांना ती विशेष जवळची. कारण परमुलखात घराण्याचे नाव हीच पहिली पुंजी होती. कर्ज, भाऊबंदकी किंवा परीक्षेतील अपयश यांच्या बाबतीत ही म्हण खपून जाते. परंतु घरातल्याच वडीलधाऱ्याने एखाद्या लेकरावर लैंगिक अत्याचार केला असेल, तर त्या झाकल्या मुठीत एक मूल गुदमरत असते. त्या मुलापर्यंत कायदा कसा आणि किती उशिरा पोहोचला, याचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत. विषय अप्रिय आहे. पण तो टाळल्याने सोपा होत नाही.

हा इतिहास बालविवाहाच्या वादापासून सुरू होतो, कारण घरातील पुरुषाच्या शरीरहक्काला कायद्याने पहिली मर्यादा घातली ती तेथे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने संमतिवयाची मर्यादा १० वर्षे ठेवली होती. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही सुमारे ११ वर्षांची मुलगी पतीच्या संभोगामुळे मरण पावली. तिचे वय दहाच्या पुढे असल्याने पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू होऊ शकला नाही. बेपर्वाईने जबर दुखापत केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. त्याआधी मुंबईत रखमाबाईंच्या खटल्याने, बालपणी लावलेले लग्न मुलीवर सक्तीने लादता येते काय, हा प्रश्न ऐरणीवर आणलेलाच होता. १८९१ च्या मार्चमध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मर्यादा १२ वर्षांवर गेली.

त्या वेळी महाराष्ट्रात उडालेला धुरळा वाचकांना परिचित आहे. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, ही लोकमान्य टिळकांची भूमिका, तर डॉ. रा. गो. भांडारकरांनी शास्त्राधार काढून सुधारणेची बाजू उचलून धरली. आज तो वाद वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. शास्त्र, सरकार, स्वराज्य या सर्वांबद्दल दोन्ही पक्ष बोलले. पण ती मुलगी न्यायालयात आली असती तर तिच्या बाजूने कोण उभे राहिले असते, हा प्रश्न त्या गदारोळात ऐकू येत नाही.

संस्थानांनी याबाबतीत काही पावले पुढे टाकली. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात १९०४ मध्येच बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र १९२८ साली संमतिवय समिती नेमावी लागली. तिचे अध्यक्ष अमरावतीचे सर मोरोपंत विश्वनाथ जोशी. सदस्यांत रामेश्वरी नेहरूही होत्या. समितीला असे दिसून आले की, संमतिवयाच्या कायद्याची बहुसंख्य लोकांना माहितीच नाही आणि घरातला गुन्हा घराबाहेर येत नाही. पती आरोपी, सासर साक्षीदार आणि माहेर अब्रूच्या धास्तीने गप्प. मग फिर्याद करणार कोण? १९२९ च्या सारडा कायद्याने मुलींच्या विवाहाचे किमान वय १४ ठरवले. फिर्यादीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. अल्पवयीन पत्नीच्या बाबतीतील सवलत तर पुढे १५ वर्षांच्या मर्यादेवर येऊन दीर्घकाळ टिकली. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा १८ केली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच कायम झाली.

दुसरा धागा मुलाच्या साक्षीचा आहे. घरातील अत्याचाराला बाहेरचा साक्षीदार बहुधा नसतो. म्हणून मुलाच्या शब्दाला किंमत आहे की नाही, यावरच सारा खटला अवलंबून असतो. १८७२ च्या पुरावा कायद्याने प्रश्न समजून सुसंगत उत्तर देऊ शकणाऱ्या कोणालाही साक्षीस पात्र मानले होते. वयाची अट घातली नव्हती. तरीही व्यवहारात मुलाच्या शब्दाकडे संशयानेच पाहिले जाई. डिसेंबर १९५१ मध्ये राजस्थानातील एका आठ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. तो लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. ते पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. मुलीला शपथ दिली नाही एवढ्यावरून तिची साक्ष बाद होत नाही, आणि घटनेनंतर तिने आईला जे सांगितले तेही तिच्या साक्षीला पुष्टी देऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले. आई ही नात्यातली म्हणून तिचा शब्द टाकाऊ ठरत नाही, हा त्यातील आशय आम्हांस फार मोलाचा वाटतो. मूल पहिल्यांदा ज्या माणसाजवळ बोलते, त्याचे ऐकून घेणे ही तेव्हापासून नुसती मायेची गोष्ट राहिली नाही. ती न्यायाची पहिली पायरी झाली.

पण गुन्ह्याची व्याख्याच अपुरी होती. बलात्कार म्हणजे केवळ एका प्रकारचा संभोग, एवढाच अर्थ कायद्यात होता. त्यामुळे घरातील माणसाने मुलीशी केलेले इतर सारे चाळे ‘विनयभंगा’त मोडत आणि त्याला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा असे. मुलग्यांच्या वाट्याला तर तेही येत नसे. १९९६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे वडिलांवरील आरोपाचे एक प्रकरण आले, तेव्हा ही व्याख्या रुंदावण्यास न्यायालयाने नकार दिला. पुढे ‘साक्षी’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. विधी आयोगाने २००० साली आपल्या १७२ व्या अहवालात बदल सुचवले. २६ मे २००४ च्या निकालात न्यायालयाने व्याख्या बदलली नाही. पण मुलाला आरोपी दिसू नये म्हणून पडदा असावा, उलटतपासणीचे प्रश्न लेखी देऊन न्यायाधीशांनीच विचारावेत, मध्ये पुरेशी विश्रांती द्यावी, असे निर्देश दिले. मुलाच्या भीतीची दखल या निकालाने न्यायदालनाच्या कामकाजात घेतली गेली.

याच सुमारास गोव्याने सर्वांच्या आधी पाऊल टाकले. २००३ च्या गोवा बालक कायद्यात मुलांसाठी स्वतंत्र न्यायालयाची तरतूद झाली आणि नात्यातील प्रौढाने मुलावर केलेला लैंगिक गुन्हा वेगळा नोंदवला गेला. जी गोष्ट घरात उच्चारली जात नव्हती, तिला एका लहानशा राज्याच्या कायद्यात नाव मिळाले. पुढे २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला. आणि छळणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. अनोळखी माणसापासून सावध राहा, एवढे सांगून आपली जबाबदारी संपत नाही, हे त्यातून उघड झाले.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पोक्सो कायद्याने हे सर्व धागे एकत्र आणले. मुलगा आणि मुलगी दोघांनाही संरक्षण मिळाले. रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तकाच्या नात्यातील माणसाचा गुन्हा अधिक गंभीर ठरला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा लैंगिक हल्ल्याच्या सर्वांत गंभीर प्रकाराला किमान २० वर्षांची शिक्षा आहे. तथापि आमच्या मते या कायद्याचे खरे मोल शिक्षेच्या आकड्यात नाही, तर मुलाला दिलेल्या आधारात आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यावा, पोलिसाने गणवेश घालू नये, खटला बंद दालनात चालावा, मुलाला वारंवार बोलावू नये, त्याची ओळख उघड करू नये, अशा तरतुदी त्यात आहेत. आरोपी त्याच घरात राहत असेल, तर पोलिसांनी २४ तासांत मुलाला बाल कल्याण समितीपुढे न्यावे आणि समितीने तीन दिवसांत त्याच्या राहण्याचा निर्णय घ्यावा. तो घेताना मुलाचे हित आणि त्याची इच्छा पाहावी लागते. कारण घराबाहेर काढलेल्या मुलाला ती आपल्यालाच झालेली शिक्षा वाटू शकते.

यातील वकिलाविषयीची तरतूद सर्वांत कमी परिचित आहे. सरकारी वकील राज्याची बाजू मांडतो. मुलाला त्याखेरीज स्वतःचा वकील ठेवण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. कुटुंबाला तो परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण वकील देते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया व मुले यांना मोफत साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आरोपीच्या जामीन अर्जाच्या वेळी मुलाची बाजू मांडणे, उपचारांसाठी अंतरिम भरपाई मागणे, ही कामे असा वकील करू शकतो. कमावता पुरुषच आरोपी असेल तेव्हा घरची चूल पेटण्याचा प्रश्न उभा राहतो आणि पुष्कळ साक्षी तेथेच फिरतात. म्हणून भरपाईचा अर्ज ही दुय्यम बाब नव्हे. याशिवाय तपासापासून निकालापर्यंत मुलाबरोबर राहणारी साहाय्यक व्यक्ती बाल कल्याण समिती नेमू शकते. अशा व्यक्तीची गरज ठरवणे पालकांच्या मर्जीवर सोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये बजावले. घरातील अत्याचारात पालकच कचाट्यात सापडलेले असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या निर्देशाचे महत्त्व पटते.

१८९१ पासून आजवर कायदा उंबरठा ओलांडून आत आला आहे. त्याला दार उघडणारा माणूस मात्र अजूनही घरातलाच लागतो. अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे हे आता प्रत्येक प्रौढाचे कायदेशीर कर्तव्य आहे. ती दडवणे हा गुन्हा आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि विधी सेवेसाठी १५१०० हे दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत. मूल बोलले तर त्याच्यावर विश्वास ठेवावा, पुन्हापुन्हा खोदून विचारू नये, आरोपीशी घरगुती समेट घडवण्याच्या भरीस पडू नये, आणि पहिल्याच दिवशी वकील व साहाय्यक व्यक्ती मागून घ्यावी. आपल्या जुन्या घराण्यांत थोरांच्या शब्दाला आजही वजन आहे. ते वजन इतके दिवस बहुधा मौनाच्या पारड्यात पडत आले. आता ते लेकराच्या पारड्यात पडावे.