हाताने घडवलेली स्नूकर क्यू : घडण, इतिहास आणि पारख

प्रस्तावना

स्नूकर हा खेळ भारतात जन्मला, ही गोष्ट क्रीडा-इतिहासात आता सर्वमान्य आहे. १८७५ मध्ये जबलपूर येथील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावरील प्रचलित खेळांत रंगीत चेंडूंची भर घातली आणि पुढे १८८२ मध्ये उटकमंड (उटी) येथील क्लबात या नव्या खेळाचे नियम निश्चित झाले. खेळाच्या जन्मकथेविषयी बरेच लिहिले गेले आहे. मात्र तो ज्या साधनाने खेळला जातो त्या 'क्यू'कडे, म्हणजे टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या लाकडी दांडीकडे, अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. खेळ भारतीय भूमीवरचा, दांडी मात्र विलायती सुतारकामाची परंपरा सांगणारी, हा विरोधाभास लक्षणीय आहे. हाताने घडवलेली उत्तम क्यू म्हणजे नेमके काय, ती ओळखावी कशी आणि तिच्या श्रेष्ठत्वाचा दावा कितपत टिकतो, या प्रश्नांचा विचार या साधनाच्या इतिहासाच्या आधारेच करावा लागतो.

गदेपासून क्यूपर्यंत

बिलियर्ड्सच्या आरंभीच्या काळात चेंडू मारण्यासाठी 'मेस' नावाचे साधन वापरले जाई. लांब दांडा आणि पुढे जड, चपटे डोके असे त्याचे रूप होते. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटला की हे डोके अडचणीचे होई. तेव्हा खेळाडू मेस उलटी धरून तिच्या शेपटीने चेंडू टोलवीत. फ्रेंच भाषेत शेपटीला 'क्यू' म्हणतात. साधनाचे नाव त्यावरूनच पडले. सोयीपुरती वापरली जाणारी ही शेपटी एकोणिसाव्या शतकापर्यंत मुख्य साधन बनली आणि डोके नाहीसे झाले.

या परिवर्तनातील निर्णायक पायरी म्हणजे टोकावरील चामड्याची टिप. तिचे श्रेय परंपरेने कॅप्टन मिंगो या फ्रेंच अधिकाऱ्याला दिले जाते. तो बॅस्टिलच्या तुरुंगात असताना त्याला ही कल्पना सुचली आणि १८०७ च्या सुमारास सुटल्यावर त्याने ती लोकांसमोर आणली, अशी कथा सांगितली जाते. बॅस्टिल १७८९ मध्येच क्रांतिकारकांच्या हाती पडून पाडले गेले, हे ध्यानात घेतले तर कथेतील तुरुंगाचे नाव तरी सोडून द्यावे लागते. कथा काहीही असो, चामड्याच्या टिपमुळे चेंडूच्या मध्यभागाच्या वर, खाली किंवा बाजूला मारणे शक्य झाले आणि चेंडूला फिरकी देण्याची कला उदयास आली. इंग्लंडमध्ये बाथ येथील जॅक कार याने टिपला खडू लावण्याच्या प्रथेचा प्रसार केला. साध्या खडूची पूड तो जादूची भुकटी म्हणून विकत असे, असे सांगितले जाते.

टेबलही बदलत होते. लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी १८२६ मध्ये टेबलाच्या पृष्ठासाठी पाटीचा दगड वापरला आणि पुढील दोन दशकांत रबरी कडा आल्या. पृष्ठ सपाट आणि कडा एकसारख्या झाल्यावर चेंडू कुठे जाईल हे नेमके सांगता येऊ लागले. चूक टेबलाची की हाताची, ही सबब उरली नाही. क्यूच्या घडणीत सूक्ष्मतेची मागणी निर्माण झाली ती याच टप्प्यावर.

हाताची घडण

परंपरागत स्नूकर क्यूचा दांडा बहुधा अ‍ॅश या लाकडाचा असतो. मेपलचाही वापर होतो. मागील जाड भागास आबनूस, शिसवी अशा जड, गडद लाकडांचे आवरण दिले जाते. संपूर्ण क्यूची लांबी साधारणतः ५७ ते ५८ इंच, वजन १७ ते १८ औंस (सुमारे अर्धा किलो) आणि टिपचा व्यास ९ ते १० मिलिमीटर असतो. नियमाची अट याहून कितीतरी सैल आहे: क्यू तीन फुटांपेक्षा (९१४ मिलिमीटर) आखूड नसावी आणि तिचा परंपरागत निमुळता आकार सोडलेला नसावा. बाकी सर्व कारागीर आणि खेळाडू यांच्यावर सोपवलेले आहे.

हाताने केलेल्या जोडकामात दांड्याचा मागील भाग रंध्याने चार बाजूंनी उतरता तासला जातो. समोरासमोरच्या दोन बाजूंवर आबनुसाच्या पट्ट्या सरसाने चिकटवतात. त्या पक्क्या झाल्यावर उरलेल्या दोन बाजू पुन्हा तासून त्यांवरही पट्ट्या बसवतात. मग तो चौकोनी ठोकळा हळूहळू गोल केला जातो. पट्ट्यांची टोके दांड्यावर चार कमानींच्या रूपाने दिसू लागतात आणि आतील अ‍ॅशचा गाभा मागपर्यंत अखंड राहतो. यंत्राच्या जोडकामात एकमेकांत गुंतणाऱ्या खाचा करवतीने कापून दोन्ही लाकडे परस्परांत बसवली जातात. तेथे टोके तीक्ष्ण आणि अगदी समान दिसतात. म्हणजेच टोकांची किंचित गोलाई आणि अल्पशी विषमता ही हाताच्या कामाची खूण आहे. बाजारात नीटसपणालाच दर्जा समजणारा ग्राहक येथे हमखास फसतो.

पुढच्या टोकाला, मुसळाला साम बसवावी तशी, पितळेची बारीक कडी असते. तिच्यामुळे आघाताने लाकूड चिरत नाही. मागच्या टोकात वजन साधण्यासाठी शिसे भरतात. मागच्या बाजूला एक लहान सपाट भागही ठेवलेला असतो. त्याच्या आधारे क्यू दर वेळी एकाच बाजूने हातात येते. शेवटी लाकडाची छिद्रे भरून जवसाच्या तेलाचे हात दिले जातात.

पारख कशी करावी

क्यू टेबलावर लोळवून ती सरळ आहे की नाही हे पाहण्याची रीत सर्वत्र आढळते. परंतु ती पूर्णतः विश्वसनीय नाही. रंध्याने घडवलेली दांडी यंत्रावर कातलेल्या दांडीसारखी काटेकोर गोल नसते, त्यामुळे ती लोळताना किंचित हलू शकते. डोळ्यासमोर धरून मागून पुढे नजर लावणे हीच खरी कसोटी.

दुसरी पाहणी लाकडाच्या रेषांची. अ‍ॅशच्या दांड्यावर वाढीच्या वलयांमुळे बाणाच्या टोकांसारख्या आकृती उमटतात. त्या टिपपासून मागपर्यंत सरळ ओळीत असतील, तर लाकूड धाग्याच्या दिशेने कापलेले आहे असे समजावे. रेषा तिरकस बाजूला उतरत असतील तर दांडी तेथे कमकुवत असते आणि पुढे बाक धरण्याचा संभव असतो. 'जुने, सावकाश वाढलेले लाकूड अधिक चांगले' ही समजूत येथे तपासून घ्यावी लागते. अ‍ॅशच्या प्रत्येक वलयात वसंतातील वाढीचा सच्छिद्र पट्टा असतो. वाढ फारच मंद असली की वलये अरुंद होतात, सच्छिद्र भागाचे प्रमाण वाढते आणि लाकूड उलट हलके व दुबळे होते. लाकूड नीट मुरलेले असणे मात्र अनिवार्य आहे.

तिसरी बाब दांडीच्या ताठपणाची आणि टिपच्या जाडीची. बाजूला मारताना चेंडू अपेक्षित रेषेपासून थोडा सरकतो. टोकाशी वस्तुमान जितके कमी, तितके हे विचलन कमी. म्हणून बारीक टोक आकर्षक वाटते. पण नवशिक्याच्या हाती ते चुकांना वाव देते. येथे सर्वांना लागू पडेल असे माप नाही, आणि तसे सांगणाऱ्या विक्रेत्याकडे थोडे संशयाने पाहणेच बरे.

नाव आणि किंमत

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नामवंत खेळाडूंच्या नावाची पट्टी लावलेल्या क्यू मोठ्या प्रमाणात विकल्या गेल्या. १९२७ ते १९४६ या काळात पंधरा जागतिक स्नूकर विजेतेपदे मिळवणारे जो डेव्हिस आणि १९३२ मध्ये बिलियर्ड्समध्ये ४,१३७ गुणांचा डाव करणारे ऑस्ट्रेलियाचे वॉल्टर लिंड्रम यांची नावे त्यांत ठळक होती. नाव थोरांचे असले तरी क्यू कारखान्यातली असे. १९७० आणि १९८० च्या दशकांत दूरचित्रवाणीमुळे स्नूकर लोकप्रिय झाल्यावर मागणीनुसार हाताने क्यू घडवणाऱ्या कारागिरांना पुन्हा स्थान मिळाले. लंडनचे जॉन पॅरिस हे त्यांतील सर्वांत परिचित नाव. पुढे थायलंड व चीनमधील कार्यशाळांनीही हे हस्तकौशल्य आत्मसात केले, त्यामुळे 'हस्तनिर्मित' म्हणजे इंग्लंडचीच, असे समीकरण उरले नाही.

हस्तनिर्मितीचा गौरव करताना एक उदाहरण विसरता येत नाही. स्टीफन हेन्ड्री यांनी १९९० ते १९९९ या दशकातील सातही जागतिक विजेतेपदे किशोरवयात मिळालेल्या, रेक्स विल्यम्स यांच्या नावाच्या एका सामान्य किमतीच्या क्यूने मिळवली. २००३ मध्ये विमानप्रवासात ती मोडली. नंतर उत्तम कारागिराची क्यू हाती येऊनही आठवे जागतिक विजेतेपद त्यांना मिळाले नाही. वय आणि प्रतिस्पर्धी यांचाही त्यात वाटा होता, हे खरेच. पण हाताला वर्षानुवर्षे जडलेली सवय कारागिराकडून मागवता येत नाही, एवढे यातून दिसते.

भारतीय संदर्भ आणि लाकडाचा प्रश्न

भारतात या खेळाची परंपरा क्लब आणि जिमखाने यांच्या आश्रयाने वाढली. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकाता येथे जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते ठरले. वैयक्तिक क्रीडाप्रकारात जगज्जेते होणारे ते पहिले भारतीय. मुंबईचे मायकेल फरेरा, १९८४ मध्ये जागतिक हौशी स्नूकर स्पर्धा जिंकणारे ओम अग्रवाल आणि पुण्यातच जन्मलेले पंकज अडवाणी यांनी ही परंपरा पुढे नेली. खेळाडूंची अशी अखंड मालिका असलेल्या देशात, जेथे शिसवीचे व आबनुसाचे वृक्ष नैसर्गिकरीत्या वाढतात, तेथे क्यू घडवण्याच्या कारागिरीला इंग्लंडसारखी प्रतिष्ठा लाभली नाही. क्लबांचा सदस्यवर्ग आणि लाकूडकाम करणारा कारागीरवर्ग यांच्यातील सामाजिक अंतर हे यामागील एक कारण मानता येईल. दांडी विलायतेहून यावी, ही अपेक्षा खेळाबरोबरच रुजली होती.

आता प्रश्न लाकडाच्या उपलब्धतेचाच आहे. अ‍ॅश वृक्षांना मारणारा बुरशीजन्य रोग ब्रिटनमध्ये २०१२ साली आढळला. अमेरिकेतील अ‍ॅशवर हिरव्या रंगाच्या एका भुंग्याचे संकट २००२ मध्ये लक्षात आले होते. ब्राझिलियन शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून जवळजवळ बंद आहे आणि २ जानेवारी २०१७ पासून भारतीय शिसवीसह डॅल्बर्जिया कुळातील सर्वच वृक्ष आंतरराष्ट्रीय व्यापार-नियमनाखाली आले. २०१९ मध्ये या नियमनात सवलत मिळून दहा किलोपर्यंत शिसवी लाकूड असलेल्या तयार वस्तूंची खेप मोकळी झाली. भारतीय शिसवीचे आवरण असलेली क्यू त्यामुळे निर्धास्तपणे सीमेपार नेता येते. ब्राझिलियन शिसवीची जुनी क्यू विकत घेणाऱ्याने मात्र कारागिराच्या नावाच्या पट्टीआधी लाकडाची कागदपत्रे पाहावीत.